दगडावरच्या प्राण्यांचे चित्रकार आणि हरिभाऊ वाकणकर

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पालकहो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



मागच्या सत्रात आपल्या शाळेत चित्रकलेचे प्रदर्शन भरले होते. विषय होता ‘प्राणी’. आम्हाला वाटले होते की गाय, घोडा, मोर आणि फार तर सयाजीबागेतला वाघ पाहायला मिळेल. प्रत्यक्षात निम्मी भिंत डायनासोरनी भरून गेली. यात नवल काही नाही. आपल्या गुजरातेतच बालासिनोरजवळ रैयोली गावात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डायनासोरची हाडे आणि अंडी सापडली आणि २००३ मध्ये त्यांतल्या एका जातीला राजासॉरस असे नावही मिळाले. इतक्या जवळचा पाहुणा मुलांच्या वहीत येणारच.

प्रदर्शन पाहताना सहावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले की ज्या माणसांनी डायनासोर डोळ्यांनी पाहिले, त्यांनी काढलेली चित्रे कोठे पाहायला मिळतील? आम्ही तेव्हा घाईत उत्तर दिले की अशी चित्रे नाहीतच. उत्तर बरोबर होते, पण अर्धे होते. डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले आणि माणूस त्यानंतर फार फार उशिरा आला. आजचे चित्रकार डायनासोर काढतात ते हाडांवरून अंदाज बांधून. परंतु हजारो वर्षांपूर्वी माणसाने रानातले जे प्राणी खरोखर पाहिले, त्यांची चित्रे त्याने काढून ठेवली आहेत आणि ती आपल्या देशात, बडोद्याहून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर, आजही दिसतात. ती चित्रे जगासमोर आणणारा माणूस आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस होता. उत्तराचा उरलेला अर्धा भाग म्हणून डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे हे चरित्र आम्ही आज सांगत आहोत.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी मध्य प्रदेशातील नीमच येथे झाला. आपली मंडळी जशी गायकवाडांच्या काळात बडोद्यात आली आणि वाडीत, आसपासच्या पोळांत स्थिरावली, तशीच माळव्यात शिंदे, होळकर आणि पवार यांच्या राज्यांत पुष्कळ मराठी घराणी स्थायिक झाली. घरात मराठी, बाजारात माळवी आणि शाळेत हिंदी, अशी तेथील मुलांची बोली असते. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने ही गंमत आम्हाला चांगली ठाऊक आहे. वाकणकरांना सगळे लोक हरिभाऊ म्हणत. मोठे पदवीधर झाल्यावरही ते माळव्यात हरिभाऊच राहिले.

हरिभाऊ मुळात चित्रकार होते, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले, उज्जैनमध्ये भारती कला भवन ही संस्था काढली आणि तेथे मुलांना चित्रकला शिकवली. त्यांना इतिहासाचीही ओढ होती. जुनी नाणी, शिलालेख, मूर्ती, पडकी देवळे, नदीकाठची पांढरीची टेकाडे यांच्यामागे ते पायी भटकत असत. हातात चित्रवही असायचीच. दिसले ते काढून घ्यायचे, ही त्यांची सवय होती. पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात उत्खनन आणि पुरातत्त्व संग्रहालय यांचे काम त्यांच्याकडे आले, तरी ही सवय सुटली नाही.

१९५४ च्या सुमारास त्यांनी रंगवलेल्या शैलाश्रयांचा पद्धतशीर शोध सुरू केला. शैलाश्रय म्हणजे डोंगरात पुढे आलेल्या खडकाखालची निवाऱ्याची जागा. ती पूर्ण गुहा नसते. वर दगडाचे छत, मागे दगडाची भिंत आणि पुढची बाजू उघडी. ऊन-पावसापासून आडोसा मिळतो म्हणून आदिमानव तेथे राहिला आणि त्याच भिंतींवर व छतांवर त्याने चित्रे काढली. चंबळच्या खोऱ्यापासून विंध्य-सातपुड्यापर्यंत अशी ठिकाणे विखुरलेली आहेत.

भारतात अशी चित्रे आहेत हे त्याआधी कोणालाच माहीत नव्हते असे मात्र नाही. आर्चिबाल्ड कार्लाईल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७-६८ मध्येच मिर्झापूरच्या डोंगरांत ती पाहिली होती. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील प्रसिद्ध बायसनांची चित्रे त्यानंतर, १८७९ मध्ये सापडली आणि तीही एका आठ वर्षांच्या मुलीला. वडील जमिनीकडे पाहून हाडे व अवजारे शोधत होते आणि मारिया नावाच्या त्या मुलीने मान वर करून छताकडे पाहिले. मोठ्या विद्वानांना मात्र ती चित्रे खरी मानायला १९०२ साल उजाडावे लागले. रानटी समजल्या जाणाऱ्या माणसाला इतके सुंदर चित्र काढता येते, हे त्यांना पटत नव्हते. आपल्याकडे कार्लाईलची टिपणे तर पुष्कळ काळ नुसती पडून राहिली. चित्रे होती, पण त्यांचे कौतुक करणारा माणूस नव्हता.

तो माणूस १९५७ मध्ये भोपाळच्या दक्षिणेकडून आगगाडीने चालला होता. खिडकीतून त्याला दूरच्या टेकडीवर मोठमोठ्या खडकांची विचित्र रांग दिसली. चंबळ खोऱ्यात शैलाश्रय पाहून तयार झालेल्या नजरेला त्या खडकांचा आकार ओळखीचा वाटला. हरिभाऊ पुढे त्या टेकडीवर पायी गेले. टेकडीचे नाव होते भीमबेटका, म्हणजे भीमाची बसायची जागा. आसपासच्या गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. १८८८ च्या एका इंग्रजी लेखात बौद्ध स्थळ म्हणून तिचा उल्लेखही येऊन गेला होता. त्या मार्गाने रोज गाड्या जात होत्या आणि हजारो प्रवाशांना तेच खडक दिसत होते. हरिभाऊंनी ते पाहिले आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, एवढाच फरक.

टेकडीवर आणि आसपासच्या डोंगरांत सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी चित्रे आहेत. बहुतेक चित्रे लाल आणि पांढऱ्या रंगात आहेत. क्वचित हिरवा आणि पिवळाही दिसतो. लाल रंग गेरूसारख्या लोहयुक्त दगडाचा, पांढरा पांढऱ्या मातीचा. दगड उगाळून पाण्यात कालवला आणि काडीच्या किंवा झाडाच्या तंतूंच्या कुंचल्याने लावला, असे मानतात. सर्वात जुनी चित्रे किमान दहा हजार वर्षांपूर्वीची आहेत असे साधारणपणे म्हटले जाते. हरिभाऊंचे मत असे होते की काही हिरवी चित्रे त्याहूनही बरीच जुनी असावीत. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेले नाही. मतभेद असणे ही शास्त्रात कमीपणाची गोष्ट नव्हे, हेही विद्यार्थ्यांनी येथेच शिकावे.

आता या चित्रांतील प्राणी पाहू. गवा, सांबर, चितळ, रानडुक्कर, वाघ, हत्ती, माकड, मोर, घोरपड, मासे असे सगळे रान तेथे आहे. एका खडकावर इतके प्राणी आहेत की त्याला चिडियाघराचा खडक असेच नाव पडले आहे. काही प्राण्यांच्या पोटातील आतडी आणि गर्भातले पिल्लूही चित्रकाराने दाखवले आहे. शिकार कापताना त्याने ते पाहिले असणार आणि जे माहीत आहे तेही चित्रात आले पाहिजे असे त्याला वाटले असणार. आमच्या बालवाडीतली मुलेही घर काढताना भिंतीतून आतली माणसे दाखवतात. आणखी एका खडकावर शिंगे असलेला, डुकरासारख्या तोंडाचा एक प्रचंड प्राणी आहे आणि त्याच्यापुढे एक चिमुकला माणूस जीव घेऊन पळतो आहे. हा प्राणी कोणता, हे आजही ठरलेले नाही. तो कल्पनेतलाही असू शकेल. भीती मात्र कल्पनेतली वाटत नाही.

या सगळ्यांत आम्हाला सर्वाधिक विचार करायला लावतो तो गेंडा. आज भारतातील गेंडा आसाम, उत्तर बंगाल आणि दुधव्याच्या जंगलात आहे. काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले. मध्य प्रदेशात आज रानात एकही नाही. तरी भीमबेटक्याच्या चित्रकाराने गेंडा काढला, कारण तो त्याच्या शेजारी राहत होता. आपल्या गुजरातेतही महेसाणा जिल्ह्यात लांघणज येथे डॉ. हसमुख सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. त्याचप्रमाणे भीमबेटक्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले आणि महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे नक्षी कोरलेले तसलेच कवच मिळाले. म्हणजे ज्या शहामृगाला आपण आफ्रिकेचा पक्षी म्हणतो, तो एकेकाळी या मातीवर धावत होता. प्राणी गेले. त्यांची खूण हाडात, कवचात आणि कोण्या अनाम माणसाच्या रेषेत उरली. ती रेषा पुसली गेली, तर येथे कोण राहत होते हे सांगणारा एक साक्षीदार कायमचा गेला.

हरिभाऊंना हे पक्के समजले होते. म्हणून त्यांनी आयुष्यातील सर्वात मोठे काम निवडले ते नक्कल करण्याचे. नक्कल हा शब्द शाळेत फारसा चांगला मानला जात नाही, पण ही नक्कल वेगळी. चित्रासमोर उभे राहायचे, कधी आडवे पडून छताकडे पाहायचे, प्रत्येक रेषा मापात उतरवायची आणि रंग जुळवायचा. पाय अर्धा पुसला असेल तर अर्धाच काढायचा, मनाने पुरा करायचा नाही. हातात कला असलेल्या माणसाला हे फार कठीण जाते. आपली रेषा अधिक डौलदार आहे हे ठाऊक असूनही तिला आवर घालावा लागतो. हरिभाऊंनी असा आवर अनेक वर्षे घातला. डोंगरात दिवसेंदिवस मुक्काम, मिळेल ते खाणे, सोबतीला चित्रकलेचे विद्यार्थी, असा त्यांचा क्रम असे. त्यांनी हजारो शैलाश्रय पायाखाली घातले.

या नकलांतूनच शास्त्रही निघाले. एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काळांतील लोकांनी आधीच्या चित्रावर आपले चित्र काढले आहे. कोणते खाली आणि कोणते वर, हे बारकाईने पाहिले की आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते ते कळते. खालच्या थरांत रानातले प्राणी आणि त्यांचे शिकारी आहेत. वरच्या थरांत घोडेस्वार, हत्तीवरचे वीर, तलवारी आणि ढाली आल्या आहेत. शैली आणि थर यांच्या आधारे हरिभाऊंनी चित्रांचे कालखंड पाडले. १९७० च्या दशकात त्यांनी भीमबेटक्याला उत्खननही केले. त्याच काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही तेथे खोदकाम केले. दोघांच्या कामातून दिसले की चित्रे काढली जाण्याच्या कितीतरी आधीपासून, दगडी हातकुऱ्हाडींच्या काळापासून, माणूस या शैलाश्रयांत येऊन राहत होता.

या विषयावरच्या प्रबंधासाठी हरिभाऊंना १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांना संकोच वाटला नाही, हे आम्ही शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे भारतातील अश्मयुगीन चित्रांवरचे पुस्तक अमेरिकेतील येल विद्यापीठाने प्रसिद्ध केले. युरोप-अमेरिकेत त्यांनी व्याख्याने दिली आणि या चित्रांची प्रदर्शने भरवली. त्यांची इतर कामेही मोठी आहेत. उज्जैनजवळ कायथा येथील चार हजार वर्षांहून जुनी वस्ती त्यांनी उजेडात आणली आणि १९८५ मध्ये सरस्वती नदीच्या मार्गाचा मागोवा घेत त्यांनी सहकाऱ्यांसह हिमालयाच्या पायथ्यापासून गुजरातपर्यंत प्रवास केला.

एप्रिल १९८८ मध्ये ते एका परिषदेसाठी सिंगापूरला गेले असता तेथेच त्यांचे निधन झाले. शेवटच्या क्षणीही ते चित्र काढत बसले होते असे सांगतात. त्यांच्या पश्चात २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा स्थळ घोषित झाले. उज्जैनमध्ये त्यांच्या नावाची शोध संस्था त्यांचा संग्रह सांभाळते आणि मध्य प्रदेश शासन त्यांच्या नावाने पुरातत्त्व क्षेत्रातील राष्ट्रीय सन्मान देते.

भीमबेटक्याची एक अलीकडची हकीकत विद्यार्थ्यांना आवडेल. २०२१ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी जाहीर केले की तेथील एका मोठ्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा सापडला आहे. जगभर बातमी झाली. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी जाऊन पुन्हा पाहिले, तर तो ठसा झडत चालला होता. दगडातला जीवाश्म असा काही वर्षांत झडत नाही. २०२३ पर्यंत स्पष्ट झाले की ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. पहिल्या संशोधकांनीही चूक मान्य केली. गंमत अशी की मध काढणाऱ्या माणसांची चित्रे या डोंगरांत आदिमानवाने पूर्वीच काढून ठेवली आहेत. शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा चूक न होण्यात नसून पुन्हा जाऊन पाहण्यात आणि चूक कबूल करण्यात आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. विश्वस्त मंडळींना ठाऊक आहे की एका वर्षी सहलीहून परतल्यावर आम्हाला कळले, आपल्या एका विद्यार्थ्याने एका जुन्या वास्तूच्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव कोरले होते. आम्हाला त्या दिवशी फार शरम वाटली आणि रागही आला. ऐतिहासिक स्थळांच्या सहली बंद कराव्यात असा विचार बैठकीत पुढे आला. त्यात शाळेच्या नावाची काळजी होती, हे आम्ही जाणतो. त्या वेळी आमच्यापाशीही चांगले उत्तर नव्हते. वाकणकरांचे आयुष्य वाचल्यानंतर आम्हाला वाटते, सहली बंद करू नयेत.

कारण नाव कोरणारे मूल दुष्ट नसते. आपण येथे आलो होतो याची खूण ठेवावी, ही इच्छा दहा हजार वर्षे जुनी आहे. भीमबेटक्यातल्या माणसाने ती खूण स्वतःचे नाव न लिहिता गवा आणि हरीण काढून ठेवली. त्याला लिहिता येत नव्हते हे खरे, पण त्याने आपल्याहून मोठ्या गोष्टीकडे पाहिले हेही खरे. हरिभाऊंनी तर आणखी पुढची पायरी गाठली. दुसऱ्याच्या चित्रासमोर त्यांनी स्वतःची कलाही बाजूला ठेवली. कौतुक करणे म्हणजे काय, याची याहून सरळ व्याख्या आम्हाला सापडत नाही. जे आवडले ते नीट पाहायचे, जसे आहे तसे उतरवून घ्यायचे आणि पुढच्या माणसासाठी जागेवर तसेच सोडून यायचे.

म्हणून आमची विनंती अशी. यंदाची सहल पावागड-चांपानेरला न्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेकडून एक चित्रवही आणि एक पेन्सिल द्यावी. दगडात कोरलेले एक फूल, एक पक्षी किंवा जाळी निवडून अर्धा तास तिच्यासमोर बसावे आणि ती काढावी. तुटलेला कोपरा तुटलेलाच काढावा. सही आपल्या वहीत खुशाल मोठी करावी. ज्या विद्यार्थ्याच्या हातून ती चूक झाली होती, त्यालाही आम्ही बरोबर नेऊ इच्छितो आणि पहिली वही त्यालाच देऊ इच्छितो.

पालकांनी दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत शक्य असल्यास मुलांना भीमबेटका दाखवावे. बडोद्याहून रतलाम-उज्जैनमार्गे भोपाळ गाठता येते आणि तेथून ते सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तितके जमत नसेल तर सयाजीबागेतील संग्रहालयात जावे, देवमाशाच्या सांगाड्यासमोर वही उघडून बसावे. शिवाय आपला पंचमहाल जिल्हाही मागे नाही. तेथे तरसंग येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ प्रा. सोनवणे यांनी १९७१ मध्ये शैलचित्रे शोधून काढली. म्हणजे आपल्या अंगणातही पाहण्याजोगे पुष्कळ आहे आणि अजून न सापडलेलेही असेल.

सहावीतल्या त्या विद्यार्थ्याला आमचे पूर्ण उत्तर आता मिळाले असेल. डायनासोर पाहिलेल्या माणसाचे चित्र नाही. पण गेंडा पाहिलेल्या, वाघाला भ्यालेल्या आणि हरणाच्या धावण्यावर भाळलेल्या माणसांची चित्रे आहेत. ती आपल्यापर्यंत पोचली, कारण एका चित्रकाराने त्यांच्यापुढे मान वर करून उभे राहण्यात आयुष्य घालवले. पुढच्या प्रदर्शनात डायनासोर अवश्य काढावेत. त्यांच्या शेजारी आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक तरी प्राणी असावा, मग ती वाडीतल्या ओट्यावर झोपलेली मांजर का असेना.

आपले,
प्राचार्य